नानी खुर्चीतून उठतात

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात रात्रीची तालीम चालू आहे. दिग्दर्शिका स्वतःच नानींची भूमिका करणार आहे, म्हणून तिने आधी एका मुलीला नानींच्या खुर्चीत बसवले आहे आणि शेवटच्या रांगेतला प्रेक्षक जिथे बसेल, तिथे उभी राहून ती पाहते आहे. पदर सावरायचा, डावा हात गुडघ्यावर टेकायचा, क्षणभर थांबायचे आणि मगच उठायचे. नानांकडे पाहायचे ते पूर्ण उभे राहिल्यावर. "आनीक एक फावट," ती सांगते. संवाद मराठी आणि सूचना कोंकणीत, ही गोव्यातल्या तालमीची जुनीच रीत आहे.

नाटक आहे 'संध्याछाया', नाना आणि नानी या वृद्ध जोडप्याचे. ते लिहिणारे जयवंत दळवी १९२५ साली बार्देशातल्या हडफडे गावी जन्मले, आणि १९७३ साली ते रंगभूमीवर आणले मुंबईतल्या धि गोवा हिंदू असोसिएशनने. दिग्दर्शन विजया मेहता यांचे होते आणि नानीही त्याच होत्या. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती, हे आमच्या प्रत्येक हौशी नटीने लक्षात ठेवावे.

१९३४ साली बडोद्यात जन्मलेल्या विजयाबाई इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्या हाताखाली नाटक शिकल्या, आणि १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासह त्यांनी 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी केली. दळवींच्याच 'बॅरिस्टर'चे दिग्दर्शन करताना त्यांनी त्यातली मावशीही रंगवली. पुढे त्यावरच्या 'रावसाहेब' या हिंदी चित्रपटातही दोन्ही कामे त्यांचीच होती, आणि मावशीच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भूमिका करणाऱ्या दिग्दर्शकाची खरी अडचण अशी की रंगमंचावर गेल्यावर त्याला स्वतःला पाहता येत नाही. भूमिकेचे प्रत्येक हालणे आधी दुसऱ्याच्या अंगावर पाहून घ्यावे लागते आणि मग आपले डोळे कोणाच्या तरी हवाली करावे लागतात. आमच्या सभामंडपांत अशा तालमींना रात्री मिळाल्या पाहिजेत; नाटक चार दिवसांत बसवून मोकळे होण्यात कोणाचेच भले नाही.

आता दिग्दर्शिका खुर्चीत बसली आहे आणि मुलगी संहिता घेऊन मंडपाच्या टोकाला गेली आहे. पदर, गुडघा, थांबणे, उठणे.

"बाय, नजर आदीं वयर गेली," मुलगी तिथून सांगते.

दिग्दर्शिका पुन्हा खाली बसते.