थंडीचा खलनायक आणि त्याची नोरा

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

संक्रांतीच्या मेळाव्यात तीळगूळ वाटून झाल्यावर बॅटमॅनवर बोलायला उभा राहिलेला वक्ता आपल्या मंडळात बहुधा मीच पहिला असेन. कॉमिक, टीव्ही मालिका आणि व्हिडिओ गेम या तिन्हींचा मी जुना चाहता आहे. आम्हा चाहत्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही, तो असा की मूळ कॉमिकमध्ये जे जसे होते ते पडद्यावर आणि गेममध्ये तसेच यायला हवे की नको. माझे मत असे आहे की ‘मूळ’ म्हणून आपण ज्याला कवटाळून बसतो, ते पुष्कळदा त्या पात्राचे सर्वांत कच्चे रूप असते. बाहेरच्या थंडीला शोभेल असा एकच दाखला मी घेणार आहे, तो मिस्टर फ्रीझचा.

हे पात्र १९५९ मध्ये ‘बॅटमॅन’च्या १२१व्या अंकात पहिल्यांदा आले, तेव्हा त्याचे नाव मिस्टर झिरो होते. प्रयोगात अपघात झाल्यामुळे केवळ थंडीत जगू शकणारा आणि त्यासाठी खास पोशाख घालून दागिने लुटत फिरणारा हा एक चोर होता. त्याला ना बायको होती, ना कसले दुःख, आणि अंकाच्या शेवटी तो गरम वाफेने बरासुद्धा झाला. १९६६ साली सुरू झालेल्या टीव्ही मालिकेने त्याला मिस्टर फ्रीझ हे नाव दिले, जॉर्ज सँडर्स, ऑटो प्रेमिंजर आणि ईलाय वॉलाक अशा तीन नटांनी ती भूमिका केली, आणि पुढे कॉमिकनेही तेच नाव निमूटपणे उचलले. म्हणजे ज्या नावाने आपण त्याला ओळखतो, तेसुद्धा कॉमिकचे नव्हे.

खरा कायापालट झाला तो १९९२ मध्ये, ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’ या कार्टून मालिकेच्या ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेल्या या जेमतेम वीस-बावीस मिनिटांच्या भागात फ्रीझ हा शास्त्रज्ञ आहे. असाध्य आजार झालेल्या बायकोला, नोराला, उपाय सापडेपर्यंत त्याने बर्फात जपून ठेवले आहे, आणि खर्च परवडत नाही म्हणून कंपनीचा प्रमुख तो प्रयोग बंद पाडतो. त्याच प्रमुखाला पुढे मानवतेच्या सेवेबद्दल सन्मानचिन्ह मिळते, यातली बोच लहानपणी मला कळली नव्हती. नोकरीला लागल्यावर चांगलीच कळली. मायकेल अन्सारा यांनी फ्रीझला असा आवाज दिला आहे की त्यात कुठे ऊब म्हणून उरलेली नाही.

या भागात बॅटमॅनला सर्दी झालेली असते आणि त्याच्या घरचा कारभारी आल्फ्रेड याने त्याच्याबरोबर चिकन सूपचा थर्मास दिलेला असतो. (आमच्या आईने गवती चहा आणि आल्याचा काढा दिला असता.) अखेरच्या झटापटीत बॅटमॅन तोच थर्मास फ्रीझच्या शिरस्त्राणावर आपटतो, आणि थंडगार काचेवर गरम सूप सांडताच ती तडकते. मग कोठडीत एकटा बसलेला फ्रीझ काचेच्या गोळ्यातल्या चिमुकल्या नर्तिकेकडे पाहत नोराची क्षमा मागतो. या पटकथेला एमी पुरस्कार मिळाला आणि कॉमिकनेही ही नोरा आपली मानली. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ या चित्रपटातल्या फ्रीझविषयी मात्र आज सणासुदीला काही बोलत नाही.

कॉमिकवाल्यांनी २०१२ च्या वार्षिक अंकात मात्र उलटा डाव टाकला. नोरा त्याची बायको नव्हतीच, ती १९४३ मध्ये जन्मलेली आणि फ्रीझच्या कितीतरी आधी गोठवलेली एक अनोळखी स्त्री होती आणि त्याचे प्रेम हा निव्वळ भ्रम होता, असे त्यात उघड होते. बदल केला म्हणून माझी तक्रार नाही, कारण मग १९९२ लाही नावे ठेवावी लागतील. पहिल्या वाचनात ही कलाटणी अंगावर येते, हेही मी मान्य करतो. पण दुसऱ्यांदा वाचताना हाती एक वेडा माणूस तेवढा उरतो, आणि असे वेडे बॅटमॅनच्या गॉथम शहरात पैशाला पासरी आहेत.

गेमने काय केले ते पाहा. इथे लंडनमध्येच असलेल्या रॉकस्टेडी या कंपनीच्या २०११ मधील ‘आर्कम सिटी’चे लेखकही पॉल डिनीच होते. त्यात फ्रीझशी सामना होतो, तेव्हा एक युक्ती त्याच्यावर एकदाच चालते. मी जमिनीतल्या जाळीखाली दबा धरून त्याच्यावर झडप घातली, ती लागू पडली म्हणून खुशीत पुन्हा तिथेच गेलो, तर त्याने जाळ्यांवर बर्फाचा थर चढवलेला. शेजारी बसलेली माझी भाची म्हणाली, “मामा, तो शिकतोय.” हा माणूस शास्त्रज्ञ आहे, हे मालिकेला संवादातून सांगावे लागले होते, गेमने ते माझ्या हातातल्या कंट्रोलरला पटवून दिले. हे कॉमिकच्या चौकटीत जमण्यासारखे नव्हते, आणि मूळ अंकाशी इमान राखून तर मुळीच नाही.

एक उणीव मात्र या साऱ्यांत राहून गेली होती. ज्या नोरासाठी एवढे रामायण घडले, ती काचेमागे गप्पच होती. तिला काय हवे आहे, हे ‘आर्कम सिटी’नेही विचारले नाही. २०१५ च्या ‘आर्कम नाइट’मध्ये पुढे जोडलेल्या एका कथेत ती जागी होते, पुन्हा बर्फात जायला साफ नकार देते, आणि उरलेले थोडके दिवस नवऱ्याबरोबर काढायचे ठरवते. भाचीने त्या रात्री तो प्रसंग मला तीनदा लावायला लावला.