यार्ड दिले, गुण दिले नाहीत

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या शनिवारी, ३० ऑगस्ट २०२५ ला, इथे कोलंबसमधल्या मराठी घरांत गणपती बसलेले होते, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, आणि भर दुपारी बारा वाजता ओहायो स्टेडियमवर ओहायो स्टेट विद्यापीठाचा टेक्सास विद्यापीठाविरुद्धचा कॉलेज पातळीवरचा अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होत होता. आरती जरा लवकर उरकून टीव्हीपुढे बसलेल्यांची संख्या कमी नसणार. ओहायो स्टेट गतविजेता, टेक्सास हंगामापूर्वीच्या क्रमवारीत पहिला. एवढा मोठा सामना हंगामाच्या सुरुवातीलाच क्वचित वाट्याला येतो. ओहायो स्टेटने तो १४–७ असा जिंकला आणि या आठवड्यात क्रमवारीत पहिलं स्थान घेतलं. आज मला बोलायचं आहे ते फक्त डिफेन्सबद्दल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या अकरा जणांबद्दल, कारण हा सामना डिफेन्सने जिंकला.

पण सामन्यानंतरचा आकड्यांचा तक्ता पाहिला तर कुणीही गोंधळेल. टेक्सासने एकूण ३३६ यार्ड कमावले, ओहायो स्टेटने २०३. म्हणजे मैदानावर जास्त पुढे सरकला तो संघ हरला, आणि तोही सात गुण करून. म्हणून काही जण म्हणताहेत की ओहायो स्टेट नशिबाने वाचलं. दुसऱ्या बाजूचे म्हणताहेत की असा डिफेन्स देशात दुसरा नाही. मला दोन्ही मतं घाईची वाटतात. का, ते सांगतो.

आधी हा डिफेन्स कुठून आला ते पाहू. २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेटने दर सामन्याला सरासरी १२.९ गुण दिले. देशात सगळ्यांत कमी. जानेवारीत नोट्र डेमला ३४–२३ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं ते याच डिफेन्सच्या जोरावर. त्यानंतर अकरापैकी आठ खेळाडू एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले. टुइमोलोआऊ, सॉयर, टायलिक विल्यम्स, टाय हॅमिल्टन ही पुढची चौकडी सगळीच्या सगळी गेली. मधला कोडी सायमन गेला. मागे बर्क, रॅन्सम, हॅनकॉक गेले. आणि ज्यांनी हा सगळा खेळ बसवला होता ते कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्सचे प्रशिक्षक, जिम नोल्स आपल्याच बिग टेन गटातल्या पेन स्टेटला निघून गेले. उरले तिघे: सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागचा रक्षक, केलेब डाउन्स; मधल्या फळीतला लाइनबॅकर सनी स्टाइल्स; आणि कडेचा रक्षक, कॉर्नरबॅक डेव्हिसन इग्बिनोसन.

नोल्स यांच्या जागी आले मॅट पॅट्रिशिया. मूळचं शिक्षण एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचं. एनएफएलच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये अनेक वर्षं डिफेन्स सांभाळला, मग डेट्रॉइट लायन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि तिथे त्यांचं काही जमलं नाही. कॉलेजच्या मैदानावर ते वीसेक वर्षांनी परत येत होते. एनएफएलमध्ये हाताशी तयार माणसं असतात, अख्खा दिवस फुटबॉलचाच असतो. इथे एकोणीस-वीस वर्षांची मुलं, त्यांचे वर्ग, त्यांच्या परीक्षा, आणि सरावाच्या तासांवर नियमाची मर्यादा. एनएफएलचं पुस्तक जसंच्या तसं इथे आणलं असतं तर मुलं विचारात अडकून पडली असती. फेब्रुवारीत त्यांची नेमणूक झाली तेव्हा ही शंका रास्त होती. शनिवारी मैदानावर एकही मुलगा अडखळताना दिसला नाही, आणि माझ्या मते पॅट्रिशियांना पहिलं श्रेय याचं द्यायला हवं.

आता समोरची बाजू. टेक्सासचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा, आर्च मॅनिंग. आर्ची मॅनिंगचा नातू, पेटन आणि इलायचा पुतण्या; तिघेही एनएफएलमधले गाजलेले क्वार्टरबॅक. उन्हाळाभर या मुलाशिवाय दुसरी चर्चा नव्हती. पण खरं सांगायचं तर कॉलेजमध्ये सुरुवातीपासून खेळलेला हा त्याचा तिसराच सामना, आणि परक्या मैदानावरचा पहिला. एक लाखाहून जास्त माणसांचा गलबला, त्यात आपल्याच लाइनला खूण ऐकू जाईना. त्याच्या पुढ्यात उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधले चार जणही गेल्या हंगामानंतर गेलेले.

पॅट्रिशियांनी नेमकं यावर बोट ठेवलं. चेंडू स्नॅप व्हायच्या आधी, म्हणजे तो हातात येऊन डाव सुरू व्हायच्या आधी, क्वार्टरबॅक समोरच्या डिफेन्सकडे बघून अंदाज बांधतो. सेफ्टी दोघं मागे खोल उभे आहेत की एक पुढे आलाय, कोण कुणाच्या अंगावर आहे, झटका कुठून येणार. त्याचा निम्मा निर्णय तिथेच होतो. शनिवारी ओहायो स्टेटने त्याला स्नॅपआधी एक चित्र दाखवलं आणि चेंडू हातात पडल्यावर दुसरंच. डाउन्स कधी लाइनबॅकरांच्या रांगेत येऊन उभा राही आणि स्नॅप होताच मागे धावे, कधी उलट. लाइनबॅकर अर्व्हेल रीस कधी मधे, कधी थेट कडेला जाऊन क्वार्टरबॅकच्या मागे लागणारा. अनुभवी माणूस अशा वेळी चेंडू हातात ठेवून एक क्षण जास्त बघतो. नवा माणूस बिचकतो, पाय नीट रोवायच्या आत फेकतो, आणि चेंडू ज्याला द्यायचा त्याच्या पायाशी किंवा डोक्यावरून जातो. मॅनिंगचं तेच झालं. ३० पैकी १७ पास पूर्ण, १७० यार्ड, एक टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे, आणि एक इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेला पास, जो ओहायो स्टेटच्या जर्मेन मॅथ्यूजने घेतला. पहिल्या अर्ध्यात तर पासचा खेळ जवळजवळ बंदच होता. या मुलाला लगेच मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याच्यापुढे जे मांडलं होतं ते सोडवणं कुठल्याही नवख्याला जड गेलं असतं.

आता सामन्याच्या गाभ्याकडे येऊ. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तीन संधींत जमलं नाही तर चौथ्याला बहुतेक संघ लाथेने चेंडू दूर पाठवतात किंवा जवळ असतील तर फील्ड गोल मारून तीन गुण घेतात. चौथ्या डाउनला खेळून बघायचं ठरवलं आणि फसलं, तर चेंडू तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्याला. आपल्या कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते, तशीच ही वेळ. गुण आणा, नाहीतर बाहेर.

टेक्सासने अशी जोखीम पाच वेळा घेतली आणि चार वेळा फसले. तिसऱ्या डाउनवरही १४ पैकी ५ वेळाच त्यांचं जमलं. ३३६ यार्ड आणि सात गुण यांच्यातली सगळी तफावत इथे आहे.

त्या चारांतली एक वेळ डोळ्यांपुढून जात नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ७–० असताना टेक्सास लांबचा पल्ला मारून ओहायो स्टेटच्या एक यार्डाच्या रेषेवर आलं. चौथा डाउन. एक यार्ड म्हणजे तीन फूट. टेक्सासचे मुख्य प्रशिक्षक सार्किशियन यांनी फील्ड गोल नाकारला आणि मॅनिंगला स्वतः चेंडू घेऊन मधून घुसायला सांगितलं. सव्वासहा फुटांच्या, अंगाने भक्कम मुलासाठी हा सोपा डाव समजला जातो. पण पुढची लाइन खाली वाकून घुसली, टेक्सासच्या मधल्या माणसांना जागचं हलू दिलं नाही, वरून लाइनबॅकर कोसळले आणि मॅनिंग रेषेच्या अलीकडेच राहिला.

जानेवारीत, आर्लिंग्टनमधल्या कॉटन बोल नावाच्या उपांत्य सामन्यात, हेच दोन संघ आणि हीच रेषा होती. टेक्सास एक यार्डावर येऊन ठेपलं होतं. त्यांनी चेंडू कडेला टाकून धाव घेतली आणि सात यार्ड मागे फेकले गेले. पुढे चौथ्या डाउनला जॅक सॉयरने टेक्सासचा तेव्हाचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातातून चेंडू उडवला आणि तोच उचलून ८३ यार्ड धावत टचडाउन केलं. तेव्हा उभी असलेली ती पुढची चौकडी आता नाही. शनिवारी त्याच कामाला केडेन करी, केन्याटा जॅक्सन, केडेन मॅकडोनाल्ड अशी नवी नावं उभी होती. ही मुलं वर्षानुवर्षं त्या चौघांच्या मागे थांबली, लॅरी जॉन्सन यांच्या हाताखाली घडली. जॉन्सन २०१४ पासून इथली डिफेन्सिव्ह लाइन तयार करत आहेत. कोऑर्डिनेटर बदलले, खेळाडू बदलले, हा माणूस तिथेच आहे. शनिवारच्या विजयात मला त्यांचा वाटा पॅट्रिशियांच्या बरोबरीचा वाटतो, आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही याचं वाईट वाटतं.

खेळाडूंमध्ये मला सर्वांत आवडला तो रीस. क्लीव्हलंडचा मुलगा. गेल्या वर्षी गर्दीत हरवलेला होता. शनिवारी धावणारा कुठे वळणार हे त्याला आधी कळतंय असं वाटावं, इतका तो वेळेवर पोहोचत होता. शेजारी सनी स्टाइल्स, जो आधी सेफ्टी होता आणि आता लाइनबॅकर आहे, म्हणून त्याच्याकडे मागच्या फळीचा वेगही आहे. हा इथल्याच पिकरिंग्टनचा. त्याचा मोठा भाऊ लोरेंझो याच डिफेन्समध्ये मागे खेळतो. या दोघांना घडवणारे प्रशिक्षक जेम्स लॉरिनायटिस स्वतः ओहायो स्टेटचे गाजलेले लाइनबॅकर होते.

डाउन्सबद्दल काय बोलावं? निक सेबन निवृत्त झाल्यावर तो अलाबामाहून इथे आला. त्याच्या खेळात दिखाऊ काही नाही. तो चुकत नाही, बस्स. सामन्याच्या अगदी शेवटी चौथ्या डाउनला टेक्सासला पाच यार्ड हवे होते. मॅनिंगने जॅक एन्ड्रीजला पास दिला, एन्ड्रीजने तो झेललाही. पण डाउन्सने त्याला तिथेच पाडलं, एक यार्ड आधी. पास पूर्ण झाला आणि सामना संपला. पकड अर्धं पाऊल उशिरा झाली असती तर टेक्सासला आणखी चार संधी होत्या.

आता काळजीच्या गोष्टी, आणि त्या आहेत. पहिली म्हणजे धावेवरचे १६६ यार्ड. दर धावेला सरासरी साडेचार यार्ड. टेक्सासची लाइन नवी होती, तरी त्यांनी ओहायो स्टेटच्या लाइनला मधल्या भागात बऱ्याच वेळा मागे रेटलं. जुनी, एकमेकांत मुरलेली लाइन असलेला संघ यापेक्षा जास्त घेईल. दुसरी, चौथा क्वार्टर. साडेछप्पन मिनिटं टेक्सासचा फलक कोरा होता. साडेतीन मिनिटं उरली असताना पार्कर लिव्हिंगस्टोनने ३२ यार्डांचं टचडाउन झेललं. तोवर मॅनिंग सावरला होता आणि डिफेन्सचे पाय जड झाले होते. याचा काही दोष आपल्या ऑफेन्सकडे, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्यांकडेही, जातो. आपला क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिनचा सुरुवातीपासून खेळलेला तो पहिलाच सामना, म्हणून मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी जपून खेळवलं. एक छान ४० यार्डांचं टचडाउन कार्नेल टेटने घेतलं, बाकी वेळ चेंडू फिरून टेक्सासकडे आणि डिफेन्स फिरून मैदानावर. अर्थात टेक्सासचा डिफेन्सही तोलामोलाचा होता, हे मान्य करायला हवं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पाचांपैकी चार चौथे डाउन अडवणं हे दर आठवड्याला होत नाही. त्यातला एखादा वाईट स्नॅप, एखादी घसरलेली टाच, एखादी पेनल्टी, आणि निकाल बदलतो. सार्किशियन यांनी एक यार्डावर तीन गुण घेतले असते तर शेवटच्या मिनिटांचा हिशेब वेगळा झाला असता. म्हणून या डिफेन्सला मी चौथ्या डाउनवर मोजणार नाही. मी मोजेन ते पकडीवर. चेंडू हातात आलेल्या माणसाला पहिल्याने गाठलं त्यानेच पाडलं का? शनिवारी बहुतेक वेळा पाडलं. छोटे पास छोटेच राहिले, आठ यार्डांचे ऐंशी झाले नाहीत. ही सवय सरावातून येते आणि ती पुढच्या आठवड्यातही सोबत असते. म्हणूनच मी या डिफेन्सबद्दल आशावादी आहे.

येत्या शनिवारी ग्रॅम्ब्लिंग स्टेट, त्याच्या पुढच्या शनिवारी ओहायो विद्यापीठ. या दोन सामन्यांत गुण किती दिले यावरून काही ठरवू नका. राखीव फळीतली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं किती वेळ खेळतात ते पाहा, कारण चौथ्या क्वार्टरला पाय जड होऊ नयेत तर लाइनमध्ये आलटून पालटून उतरवायला आणखी तीन-चार माणसं लागतील. मग एक आठवडा विश्रांती, आणि २७ सप्टेंबरला सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन. त्यांचा क्वार्टरबॅक डेमंड विल्यम्स पायाने चपळ आहे, जागा दिसली की स्वतः पळतो. त्याच्यापुढे स्नॅपआधीची चित्रं बदलून पुरणार नाही. तिथे मधल्या भागातली ती साडेचार यार्डांची गळती थांबलेली आहे की नाही, ते त्यांच्या पहिल्या दोन-तीन ड्राइव्हमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन केलेल्या आगेकुचींमध्येच, दिसेल. सामना संपल्यावर त्याबद्दल पुन्हा बोलू. नमस्कार.