खोक्याचा पुढचा पत्ता

[दृश्य: दारामागे एकात एक सरकवलेली रिकामी खोकी.]

वस्तू आली, वापरात गेली. खोकं मात्र तिथंच राहिलं. पत्त्याची चिठ्ठी अजून अंगावर आहे, पण इथून पुढं कुठं जायचं ते तिच्यावर नाही.

[दृश्य: तीन बाणांचं चिन्ह, जवळून.]

एका कोपऱ्यात रिसायकलिंगचं, म्हणजे जुन्यातून नवं बनवण्याचं, हे चिन्ह असतं. पुठ्ठा बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनं १९७० साली स्पर्धा घेतली, तेव्हा गॅरी अँडरसन या विद्यार्थ्यानं ते काढलं. बाण फिरतात झकास! पण चिन्ह छापलंय म्हणून आपल्या भागात ते खोकं कुणी घेईलच, असं नाही.

[दृश्य: पुठ्ठा कडेनं फाडताना.]

दोन सपाट कागद, मधे नागमोडी तिसरा. सहसा स्टार्चच्या खळीनं चिकटवलेले. खळ पाण्यात सुटते, म्हणून कारखान्यात याचा लगदा होतो. उरलीसुरली चिकटपट्टी, पिना तिथल्या चाळणीत अडकतात. खरा वैरी तेल. तेल लागलेले तंतू नव्या कागदात एकमेकांना नीट धरत नाहीत. तेवढा तुकडा फाडून बाजूला काढा, बाकीचा चालतो.

[दृश्य: दुकानामागे बांधून ठेवलेल्या चवडी.]

आता, द्यायचा कुणाला? कचरा उचलणाऱ्या यंत्रणेकडे चौकशी कराच. पण मी आधी दुकानदाराला गाठेन. दुकान, गोदाम, छापखाना... जिथं रोज खोक्यांचा ढीग पडतो, तिथं तो उचलणाराही कुणीतरी येतोच. तो कोण, कुठल्या वारी येतो, एवढं विचारायचं. चार खोक्यांसाठी तो वाट वाकडी करणार नाही. दहा घरांचा पुठ्ठा चपटा करून, सुतळीनं बांधून ठेवला, तर थांबण्याची शक्यता वाढते. भिजू मात्र देऊ नका. ओल्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, आणि मग तोही नको म्हणतो. दुधाच्या, फळांच्या रसाच्या खोक्यांचं वेगळं विचारा. त्यांत कागदाला प्लास्टिक आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमही चिकटवलेलं असतं.

[दृश्य: कुंडीतल्या खतात पुठ्ठ्याचे तुकडे.]

कुणीच भेटलं नाही, तर साध्या तपकिरी पुठ्ठ्याचे बारीक तुकडे खताच्या ढिगात घाला. ओल्या कचऱ्याचं पाणी ते शोषून घेतात. चकचकीत थराचा पुठ्ठा नको.

[दृश्य: नखानं चिठ्ठी सोलताना.]

आणि खोकं कुठंही जावो, ही चिठ्ठी आधी सोलून काढा. तिच्यावर तुमचं नाव आहे, फोन नंबरही.