माळावरचे विमान : बांधणीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

(दृश्य : टेबलावर फोमबोर्ड, लोखंडी पट्टी, कटर. हाताचे जवळचे चित्रण.)

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी मिळणारा, दोन्ही बाजूंना कागद असलेला पाच मिलिमीटर जाडीचा हा फोमबोर्ड आहे. त्यातून रेडिओवर चालणारे छोटे विमान बांधायचे आहे. कटरचे पाते वरचा कागद आणि मधला फोम कापते, खालच्या कागदापाशी मात्र थांबते. तो कागदच पुढे बिजागरीचे काम करणार असल्यामुळे पात्यावरचा दाब शेवटपर्यंत सारखा ठेवावा लागतो. दाब थोडा वाढला, तर बोर्डाचे दोन तुकडे होतात आणि थोडा कमी पडला, तर घडी बसत नाही. अकरावीत शिकणाऱ्या या मुलीने रेडिओवर चालणारे विमान यापूर्वी कधी बांधलेले नाही आणि उडवलेलेही नाही. तिच्या शेजारी उभे असलेले सर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक आहेत. कटरला ते हात लावत नाहीत.

बाजारात तयार विमाने मिळतात. खोक्यातून काढायची, बॅटरी जोडायची आणि उडवायची. काहींमध्ये तोल सावरणारे जायरोही बसवलेले असतात. तरीही नवशिक्याचे पहिले विमान त्याने स्वतःच्या हाताने बांधलेले असावे, असे आमचे ठाम मत आहे. विमान का वळते, का कोसळते आणि मोडल्यावर पुन्हा कसे उभे करायचे, ही तिन्ही उत्तरे बांधणीच्या टेबलावरच मिळतात.

(दृश्य : पंखाची घडी, हॉट ग्लू गन.)

पंखाची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर सेंटिमीटर आहे आणि रुंदी अठरा. आत फोमचीच दुहेरी पट्टी उभी चिकटवली आहे. तिच्यावरून वरचा बोर्ड वाकवून मागच्या कडेला टेकवला की पंखाला फुगीर पाठ मिळते. गरम गोंद काही क्षणांतच घट्ट होतो, म्हणून कडा एकदाच आणि नेमकी टेकवावी लागते. त्यानंतर पंखाचे दोन्ही अर्धे भाग मध्यावर असे जोडले जातात की प्रत्येक टोक मध्यापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर वर राहते. वरून पाहणाऱ्याला हा केवळ डौल वाटेल, पण या विमानाचे वळणे आणि सावरणे बहुतांशी या पाच सेंटिमीटरवरच अवलंबून आहे.

या रचनेला मोठा इतिहास आहे. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे एक छोटे विमान उडवून दाखवले. ते सुमारे अकरा सेकंद हवेत राहिले आणि चाळीस मीटर गेले. आकडे लहान आहेत, परंतु त्या विमानाला हवेत सावरणारा कोणताही हात नव्हता. वर वळवलेली पंखांची टोके त्याला एका कुशीवर पडू देत नव्हती आणि मागे किंचित उतरत्या कोनात बसवलेली आडवी शेपूट नाक खाली-वर होऊ देत नव्हती. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या बत्तीस वर्षे आधी, आपोआप सावरणारे विमान कसे असावे, हे एका खेळण्याने सिद्ध केले होते. रेडिओ त्यानंतर बऱ्याच काळाने आला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 मध्ये ‘गफ’ नावाचे आठ फूट पंखांचे विमान रेडिओच्या आज्ञेवर उडवले आणि ते आज स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयात जतन केलेले आहे. या दोन्ही प्रयोगांमधले पुष्कळ काही या टेबलावरच्या फोमबोर्डात उतरले आहे, म्हणून त्यांचा उल्लेख येथे आवश्यक वाटतो.

(दृश्य : शेपूट, सर्व्हो, सायकलची तार.)

शेपटीला दोन हलते भाग आहेत. उभा तो नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर आणि आडवा तो नाक वर-खाली करणारा इलेव्हेटर. प्रत्येकाला नऊ ग्रॅमचा एक सर्व्हो, म्हणजे तो भाग हलवणारी छोटी मोटर, जोडलेला आहे आणि सर्व्होची ओढ शेपटीपर्यंत पोहोचवण्यासाठी सायकलच्या चाकातील तार सरळ करून वापरली आहे. मोटर, तिचा वेग नियंत्रित करणारा ईएससी आणि रेडिओच्या आज्ञा घेणारा रिसीव्हर यांची जोडणी आदल्या दिवशीच झाली होती. येथे लक्ष द्यायचे ते गोंदाकडे. शेपटीपाशी मुलीचा हात सैल सुटतो आहे आणि सर तिला थांबवतात. तोलाच्या बिंदूपासून शेपूट चोपन्न सेंटिमीटर मागे आहे आणि नाक अठरा सेंटिमीटर पुढे, म्हणजे शेपटीत दहा ग्रॅम गोंद जास्त गेला, तर तो सावरण्यासाठी नाकात तीस ग्रॅम वजन टाकावे लागेल. तरफेचा हा नियम ती सातवी-आठवीपासून वहीत सोडवत आली आहे. गोंदाच्या थेंबात तो तिला बहुधा प्रथमच भेटत असावा.

(दृश्य : दोन बोटांच्या टोकांवर तोललेले विमान.)

आता विमान पूर्ण झाले आहे. बॅटरीसह त्याचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातले सुमारे एकशेऐंशी ग्रॅम एकट्या बॅटरीचे आहेत. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट लावून ते उचलले जाते. पंखाच्या रुंदीचा पाव ते तिसरा भाग सोडून तोल आला पाहिजे. विमान शेपटीकडे कलते. मुलगी बॅटरी बोटभर पुढे सरकवते आणि पुन्हा उचलते. या वेळी नाक किंचित खाली राहते आणि सर मान डोलावतात. नाक थोडे जड असलेले विमान सुस्त उडते, परंतु शेपूट जड असलेले विमान नवशिक्याच्या हातात टिकतच नाही.

(दृश्य : विट्याजवळचा माळ, सकाळ. आकाशात घिरट्या घेणारी घार.)

सांगली जिल्ह्यात विट्याजवळच्या या माळावर सकाळी आठपर्यंत वारा जवळजवळ नसतो. उन्हे तापली की जमिनीवरची हवा वर उठू लागते. घार पंख न हलवता वर चढू लागली, हीच त्याची खूण. त्याच्या आतच पहिले उड्डाण उरकायचे, असे ठरले आहे. आधी हातातला, काड्यांनी आज्ञा देणारा ट्रान्समीटर सुरू होतो, मग विमानाची बॅटरी जोडली जाते, आणि बंद करताना हाच क्रम उलटा असतो. बॅटरी जोडल्या क्षणापासून पंख्यासमोर कोणी उभे राहत नाही. लिथियम-पॉलिमर बॅटरी चार्ज होताना तिच्याजवळ माणूस हवा, विमान कायम नजरेच्या टप्प्यात हवे आणि ती जागा उड्डाणाला खुली असल्याची खात्री ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर आधीच केलेली हवी. या बाबतीत सवलत नाही.

गवतावर, मोटर बंद ठेवून, विमान समोर सरळ सोडले जाते. ते लांब आणि सपाट तरंगत जाऊन टेकते. तोल बरोबर असल्याची ही पावती आहे. त्यानंतर मोटर पूर्ण वेगात येते आणि सर ते वाऱ्याच्या तोंडावर, क्षितिजाला समांतर सोडतात. वर फेकण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास वेग येण्याआधीच नाक वर जाते, पंखावरची हवा सुटते आणि विमान स्टॉल होऊन खाली येते.

(दृश्य : उड्डाण. मूळ आवाज तसाच ठेवावा.)

“सर, डावीकडे चाललंय!”

“अगं, काडी सोड. सोड आधी. बघ, आपलं आपण सरळ होतंय.”

नवशिक्याची पहिली अडचण हीच असते. विमान थोडे कलले की अंगठा जोरात विरुद्ध दिशेला जातो, विमान त्या बाजूला त्याहून अधिक कलते आणि दुरुस्तीची दुरुस्ती करण्यातच सारे भान हरपते. या विमानाला बहुतेक वेळा हात सैल सोडणे एवढीच दुरुस्ती पुरते. कललेल्या पंखाला वर वळवलेली टोकेच परत आणतात, रडरच्या इशाऱ्यावर पंखाला कलवून वळण देतात तीही हीच. दुसरी अडचण विमान परत येताना सुरू होते. ते आपल्याकडे तोंड करून येत असते तेव्हा त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते आणि सरावलेला अंगठा चुकतो. त्यावर सरांनी सांगितलेला उपाय साधा आहे. जो पंख खाली गेला असेल, त्याच बाजूला काडी न्यायची, म्हणजे तो पंख उचलला जातो. मुलगी हे मोठ्याने पुटपुटत वळण घेते आहे.

उतरताना वेग कमी झाला, नाक वर ओढले गेले आणि विमान माणूसभर उंचीवरून गवतात आदळले.

(दृश्य : मोडलेले नाक, सुटलेला पंख. संगीत नको.)

पंख धडाला रबर बँडांनी बांधलेला होता. आदळताच तो सुटून बाजूला पडला आणि म्हणूनच शाबूत राहिला. नाकाची घडी मात्र फाटली आहे. घडी कुठे आहे आणि आत पट्टी कशी बसवली आहे, हे बांधणाऱ्या हाताला ठाऊक असल्याने दुरुस्ती माळावरच, कटर आणि चिकटपट्टीने होते. तोल पुन्हा बोटांवर तपासला जातो. त्या सकाळी विमान पुन्हा उडाले आणि शेवटची उतरण पंख न सुटता झाली.

आता तिने दुसऱ्या पंखाचा आराखडा कागदावर काढला आहे. या पंखाची टोके पहिल्याच्या निम्मीच वर आहेत आणि मागच्या कडेला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, आहेत. त्यामुळे तो आपोआप तितकासा सावरणार नाही आणि कललेले विमान तिला स्वतः सरळ करावे लागेल. धड, मोटर आणि बॅटरी तीच राहतील. दोन सर्व्हो वाढतील आणि ट्रान्समीटरवरचा चौथा चॅनेल, म्हणजे आज्ञेचा चौथा मार्ग, वापरात येईल.