ड्रॅगन मान्य, पण चिखलाचे काय?

श्रोतेहो, नमस्कार. आम्ही काही मित्र कोल्हापुरात रविवारी दुपारी टेबलाभोवती बसून जो खेळ खेळतो, त्याला पट लागतोच असे नाही. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, एक जण खेळ चालवतो, ज्याला डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात, आणि एखाद्या पात्राने धाडस करायचे ठरवले की ते साधले की फसले, याचा निकाल फासे आणि नियम मिळून लावतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. तेव्हापासून खेळणाऱ्यांमध्ये एक वाद चालू आहे, तो असा की जादू, राक्षस आणि ड्रॅगन यांनी भरलेल्या जगाचे नियम वास्तवाला कितपत धरून असावेत.

या वादात एक उत्तर हमखास ऐकू येते. जिथे ड्रॅगन उडतो, तिथे ओझ्याच्या वजनाची आणि चिखलाची चर्चा कशाला? हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. पंचगंगेसारखी नदी दुथडी भरून वाहते आहे आणि पलीकडच्या तीरावर पात्रांना रात्रीपूर्वी पोहोचायचे आहे, अशी कल्पना करा. पाण्याला ओढ असते, चिलखत घातलेला माणूस बुडतो, ओला दोर हातातून सुटतो, हे सगळे खेळणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि त्याच भरवशावर तो थांबायचे, उतार शोधायचा की नाव मिळवायची, हे ठरवतो. पाणी जर डीएमच्या लहरीनुसार कधी गुडघाभर आणि कधी पुरुषभर होणार असेल, तर त्याच्या ठरवण्याला काही अर्थच उरत नाही. ड्रॅगन एकदा मान्य केला की बाकीचे जग अधिकच ओळखीचे असावे लागते, कारण खेळणाऱ्याला विचार करायला आधार तेवढाच असतो.

मात्र कोणाला कुठे वास्तव हवे असते, हे पाहिले तर मोठी गंमत दिसते. आमच्यातला स्थापत्य अभियंता ड्रॅगनच्या उडण्याबद्दल अवाक्षर काढत नाही, पण दगडी कमानीवरून हत्ती नेतो म्हटले की ती कमान किती जुनी आहे, असे विचारतो. मर्दानी खेळ शिकलेला एक मुलगा जादूच्या गोळ्याने अख्खी खोली जळाली तरी शांत असतो, पण दांडपट्ट्याचा विषय निघाला की तावातावाने बोलू लागतो. त्याचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. पट्टा तलवारीसारखा मुठीत धरायचा नसतो. कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी खोबळ्यात हात घालून आतली आडवी मूठ पकडायची असते, त्यामुळे मनगट मोकळे राहत नाही आणि लांब, लवचिक पाते सगळ्या हाताच्या आणि खांद्याच्या फेकीने फिरवावे लागते. नियमांच्या पुस्तकात पट्टा नाही, म्हणून डीएमने तो लांब तलवार म्हणून धरला आणि तिच्या घावाचा आकडा ठरवणारा आठ बाजूंचा फासा पुढे सरकवला. मुलाचा आक्षेप असा की पट्टा हातातून उडवता येणे जवळपास अशक्य असले पाहिजे, पट्टा चढवलेल्या हाताने दार उघडता किंवा दोर धरता येता कामा नये, आणि पट्टेवाल्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या सोबत्याला थोडी तरी भीती वाटली पाहिजे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिन्हींसाठी नियम केले तर एकेक वार अर्धा तास चालेल, हेही खरे आहे.

लढाईच्या नियमांवरचा राग तसा जुनाच आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राला काही हिट पॉइंट्स असतात, घाव बसला की ते कमी होतात, आणि शेवटचा पॉइंट उरेपर्यंत पात्र पहिल्याइतक्याच जोमाने लढत राहते. ही कल्पना आपण जहाजांच्या लढाईच्या खेळातून घेतल्याचे आर्नसन यांनी सांगितले आहे, आणि जहाजाच्या बाबतीत ती शोभतेही. तालमीतल्या मातीत एकदा तरी खांदा निखळलेल्या माणसाला मात्र ती हास्यास्पद वाटणार. मध्ययुगीन शस्त्रांचा सराव प्रत्यक्ष केलेल्या स्टीव्ह पेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘रुनक्वेस्ट’ हा खेळ आणला, त्यात घाव नेमका कोणत्या अवयवावर बसला हे फाशाने ठरते आणि पाय निकामी झालेला योद्धा खाली कोसळतो. तिथे लढाई खरी वाटते, आणि त्याचा परिणाम असा होतो की शहाणी पात्रे शक्यतो लढतच नाहीत. ज्यांना रविवारी दुपारी तलवारी खणखणवायच्या आहेत, त्यांनी हा खेळ न घेतलेलाच बरा.

ओझ्याच्या नियमाची कथा याहून उद्बोधक आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुरुवातीच्या पुस्तकांत दहा नाण्यांचे वजन एक पौंड धरलेले होते, म्हणजे हजार मोहरांची थैली शंभर पौंडांची, सुमारे ४५ किलोंची. हे अंक वास्तवाच्या हौसेपोटी आलेले नव्हते. त्या काळी पात्राला अनुभवाचे गुण, ज्यांवर ते अधिक समर्थ होत जाते, मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्यावर मिळत, त्यामुळे सोने किती उचलायचे, त्यासाठी मशाली आणि शिधा किती टाकायचा आणि जड पावलांनी राक्षसांच्या तावडीतून निसटायचे कसे, हाच खेळाचा गाभा होता. पुढे सोन्यावर गुण मिळणे बंद झाले आणि वजनाचा नियम नुसता हिशेब म्हणून उरला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साधारण ताकदीचा माणूस १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, उचलून मूळ नियमाप्रमाणे रिकाम्या हाताने चालणाऱ्याच्याच वेगाने चालतो. शाहू मार्केट यार्डातल्या हमालाला हे सांगून पाहावे. पण आता त्या नियमावर काहीच अवलंबून नसल्याने बहुतेक ठिकाणी तो कोणी पाळतही नाही, आणि मला त्याचे दुःख नाही.

याच आवृत्तीतला एक नियम मात्र मी पन्हाळ्याच्या वाटेवर लावून पाहिला. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज भर पावसाळ्यात रात्री पन्हाळा सोडून विशाळगडाकडे निघाले, दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी आणि बांदल सैनिकांनी पाठलाग अडवला, आणि महाराज गडावर पोहोचले. अंतर सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे ३७ मैल. पुस्तकाप्रमाणे सामान्य चालीचा वेग ताशी तीन मैल आणि अवघड वाटेवर त्याच्या निम्मा, त्यामुळे ही वाट तुडवायला साधारण २५ तास लागतात. आठ तासांनंतरच्या प्रत्येक तासाला वीस बाजूंचा फासा टाकून थकव्याशी झगडावे लागते, नवव्या तासाला ११ हवेत, दहाव्याला १२, आणि असे वाढत एकविसाव्या तासाला २३. काटकपणाचे दोन गुण मिळवूनही चांगल्या धडधाकट माणसाची झेप २२ पलीकडे जात नाही, म्हणजे शेवटच्या पाच तासांत थकव्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्याच. पाचव्या पायरीवर पाऊल उचलत नाही आणि सहाव्या पायरीवर माणूस मरतो. तेव्हा वास्तवाची आठवण राहावी म्हणून केलेल्या या नियमाप्रमाणे, प्रत्यक्ष घडून गेलेली गोष्ट घडूच शकत नाही.

नियम करणाऱ्याला यात दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याच्यासमोर सरासरी वाटसरू होता, डोंगरदऱ्यांत वाढलेला आणि मागे शत्रू लागलेला मावळा नव्हता. परंतु वास्तव म्हणून आपण ज्याचा आग्रह धरतो, ते बहुधा कोणाची तरी सरासरी असते, आणि अद्भुत कथेला सरासरी माणसाचे काय काम, हा प्रश्न उरतोच.

नियमांतल्या सरासरीवर किती विसंबायचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यालाही पडला होता. तिथल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली ‘क्रीग्सश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, त्यांत नकाशे, सैन्याचे ठोकळे, फासे आणि हानीचे तक्ते असा सगळा सरंजाम होता. तक्ते चाळण्यात वेळ जातो आणि अनुभवी माणसाला तक्त्याहून अधिक कळते, असे पुढच्या पिढीतल्या अनेकांना वाटू लागले. त्यांच्यापैकी व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने १८७६ साली तक्ते बाजूला ठेवून पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याचा पुरस्कार केला. पंच लढाया पाहिलेला असेल तर हे उत्तम चालते. आमचा डीएम संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि त्याने एकही लढाई पाहिलेली नाही, म्हणून मला तक्तेही हवेत आणि ते केव्हा मिटवायचे याचे भानही हवे.

आमच्या खेळात पन्हाळ्याच्या वाटेसारखीच एक रात्रीची वाटचाल आली. इतिहासातल्या व्यक्तींना फाशांच्या स्वाधीन करणे आम्हाला बरे वाटत नाही, म्हणून पात्रे आणि गड काल्पनिक ठेवले, पण अंतर, पाऊस आणि चिखल तोच ठेवला. डीएमने दर तासाचा फासा रद्द केला, वाटेचे चार टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी स्वच्छ सांगितले की वेग राखायचा असेल तर काहीतरी मागे सोडावे लागेल. पहिल्या टप्प्यावर शिधा गेला, दुसऱ्यावर पालखी, तिसऱ्यावर जखमी सोबत्याला धनगरवाड्यात ठेवावे की पाठीवर घ्यावे, यावर टेबलावर पाऊण तास चर्चा झाली, आणि तेवढ्या वेळात वजनाचा किंवा ताशी वेगाचा आकडा कोणी काढला नाही. चौथ्या टप्प्यावर दोर धरून ओढा ओलांडायचा होता आणि मर्दानी खेळ शिकलेल्या मुलाने, कोणी न सांगता, आधी हातातला पट्टा उतरवला.