ठराव संस्थेचा, पाकीट एकाचं

(पहाट. करवीर तालुक्यातलं एक गाव. दूध संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग.)

"फॅट किती लागली?" रांगेत हाच प्रश्न. बिल दहा दिवसांनी, फरक दिवाळीला. म्हैस एक असो की दहा, या संस्थेत प्रत्येक सभासदाला मत एकच.

पण 'गोकुळ'च्या, म्हणजे १९६३ सालच्या कोल्हापूर जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत या रांगेतलं कुणी मत देत नाही. तिथं सभासद असते संस्था. ती ठराव करून एकाचं नाव कळवते, तो ठरावधारक. २ मे २०२१ ला संघासाठी मतदान झालं, तेव्हा जिल्ह्यात दूध घालणारे लाखो आणि मतदार साडेतीन हजारांच्या थोडे वर.

एवढ्या माणसांची यादी खिशात मावते. कोण कुणाचा पाहुणा, कुणाचं कर्ज थकलंय, सगळं टिपता येतं. म्हणून सहकारातली अशी कुठलीही निवडणूक लागली की 'जोडण्या' सुरू. आधी ठराव आपल्या माणसाच्या नावावर करून घ्यायचा. अर्धी निवडणूक तिथंच होते. मग सहल. ठरावधारकाचा फोन लागत नाही, घरचे सांगतात, "देवाला गेल्यात." तो उगवतो थेट मतदान केंद्रावर, सगळ्यांसारखी टोपी घालून.

मत गुप्त. पैशाचं पाकीट घेणाऱ्यानं शिक्का कुठं मारला, कळायला मार्ग नाही. कोर्टातही जाता येत नाही, कारण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ असला सौदा रद्दबातल ठरवतं. मग देवाचा भंडारा, म्हणजे हळद, उचलून शपथ घ्यायला लावतात. बेकायदा व्यवहाराला जामीन कोण, तर देव! दोन्हीकडचा भंडारा उचलणारेही भेटतात. गाव त्यांना हसतं ते शब्द फिरवला म्हणून. पैसे घेतले याचं कुणाला काही नाही.

(न्यायालयाची इमारत, बाहेरून.)

भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतासाठी देणं आणि घेणं, दोन्ही लाचच. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लाच खाण्यापिण्याच्या, करमणुकीच्या रूपात असेल तर मात्र नुसता दंड. तांबडा-पांढरा रस्सा स्वस्तात सुटतो. शिवाय हे कलम लागायला दूध संघ 'सार्वजनिक प्राधिकरण' आहे का, यावर वकिलांना भांडायला जागा आहेच. "घेतले त्याचे, दिलं याला" ही पळवाट आमदार-खासदारांपुरती तरी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये बंद केली: लाच घेतली तिथंच गुन्हा पुरा होतो.

आमच्या मते ठरावधारकाचं पाकीट नगरपालिकेच्या मतदाराच्या पाकिटापेक्षा वाईट. तो मतदार निदान स्वतःचं मत विकतो. ठरावधारक विकतो ते रांगेतल्या बाईचं. ठराव कधी झाला, हेही तिला बऱ्याचदा माहीत नसतं. आणि सहलीचा खर्च करणारा तो कुठून काढणार? टँकरचं भाडं, पशुखाद्याची खरेदी, नोकरभरती... प्रश्न तिनं विचारायचा, कारण शेवटी तिच्या दुधाच्या दरातूनच जाणार.

(संस्थेचं कार्यालय. कपाटात प्रोसिडिंग बुकं.)

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०, कलम ३२. सभासदाला संचालक मंडळाच्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, कार्यालयीन वेळेत फुकट बघता येतं. ठराव कुणाच्या नावे, कुठल्या तारखेला, सूचक कोण, अनुमोदक कोण, ते त्यात शोधायचं. सचिव "उद्या या" म्हणाला, तर अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची.