ओयांतायताम्बो: इंकांचं नांदतं गाव

नमस्कार, श्रोतेहो. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश म्हटला की माचू पिच्चूच डोळ्यांसमोर येतं, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी तिथं राज्य करणाऱ्या इंका लोकांचं डोंगरावरचं शहर. तिकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या ओयांतायताम्बो या गावातून सुटतात. बरेचसे प्रवासी गाडीत बसण्यापुरतेच तिथं थांबतात. मला विचाराल तर ते चुकतात, कारण माचू पिच्चू ओस पडलं, हे गाव मात्र अजून नांदतं आहे.

उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर हे गाव वसलंय. पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुती यानं हा मुलूख जिंकला आणि गाव नव्यानं बांधून काढलं. गल्ल्या सरळ, अरुंद, दगडी. कडेच्या पाटांतून आजही डोंगरावरचं पाणी खळाळत असतं. घरांची रचना तर आपल्या चौकाच्या वाड्यासारखी: मधे अंगण, भोवती घरं, आत शिरायला एक दार. त्या जुन्या भिंतींच्या आत आजही चुली पेटतात.

गावावरच्या टेकडीवर सूर्यमंदिर म्हणून ओळखलं जाणारं अर्धवट बांधकाम आहे. गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या, आणि दोन शिळांच्या मधे दगडाचीच अरुंद पट्टी बसवलेली. खाण नदीपलीकडच्या डोंगरात, चारेक किलोमीटरवर. ना चाकाची गाडी, ना ओढायला बैल. माणसांनीच दोर लावून शिळा ओढल्या, नदी ओलांडली आणि पुन्हा चढण चढवली. काही शिळा वाटेतच राहिल्या. लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात.

आता १५३७ सालची गोष्ट. इंकांची राजधानी कुस्को स्पॅनिशांच्या ताब्यात होती आणि त्यांच्याशी लढणारा इंका राजा मांको इंका इथं तळ देऊन होता. स्पॅनिश सरदार एर्नांदो पिसारो घोडदळ घेऊन चालून आला. वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बांधांवरून दगड-बाणांचा मारा सुरू झाला. त्यातच मांकोनं पाटांचं पाणी खालच्या सपाटीवर सोडलं. पाण्याचिखलात घोडे चालेनात, आणि पिसारोला रातोरात माघार घ्यावी लागली.

जिंकूनही मांको तिथं थांबला नाही. कुस्को फार जवळ होतं, मोठी फौज आज ना उद्या येणारच होती. तो विल्काबांबाच्या रानात गेला आणि तिथून इंकांचा लढा १५७२ पर्यंत चालला. गावकरी मागे राहिले. १५४० मध्ये त्यांची मेहनत आणि वसुली एका स्पॅनिश सरदाराच्या नावे लिहून दिली गेली. तो सरदार म्हणजे इथूनच मार खाऊन पळालेला एर्नांदो पिसारो.